द मास्टर (२०१२): फ्रेडी क्वेलला समोर बसवून विचारणारा माणूस

अनवट

(गोष्ट शेवटापर्यंत उघड केली आहे. ज्यांना आधी सिनेमा पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबा.)

पॉल थॉमस अँडरसनचा 'द मास्टर' आला तेव्हा 'सायंटॉलॉजीवरचा सिनेमा' (म्हणजे एल. रॉन हबर्ड यांनी काढलेल्या अमेरिकन पंथावरचा) अशीच त्याची हवा झाली होती. त्यामुळे बरेच जण एका भोंदू गुरूचं बिंग फुटताना बघायला बसले आणि हिरमुसून उठले. बिंग यात फुटत नाही. म्हणजे गुरू भोंदू आहे हे अर्ध्या तासात कळतं, त्याचा स्वतःचा मुलगा ते उघड बोलून दाखवतो, आणि तरीही कुणाला काही फरक पडत नाही. मला हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो याच कारणासाठी. भोंदू आहे हे ठाऊक असूनही माणूस तिथे का थांबतो, याचं इतकं खरं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात मिळालेलं नाही.

फ्रेडी क्वेल (वाकीन फिनिक्स) अमेरिकन नौदलातला खलाशी. १९४५ साली पॅसिफिकमध्ये युद्ध संपतं तेव्हा तो एका किनाऱ्यावर आहे. सोबतचे खलाशी वाळूची बाई करतात, हा तिच्याशी नको ते चाळे करतो, आधी सगळे हसतात आणि मग हळूहळू हसायचे थांबतात. पुढे नौदलाच्या इस्पितळात त्याला शाईचे डाग दाखवून विचारतात, काय दिसतंय? त्याला प्रत्येक डागात एकच गोष्ट दिसते. एक अधिकारी या सगळ्या पोरांना समजावतो की तुम्ही आता बाहेर पडून दुकान टाका, पेट्रोल पंप चालवा, शेती करा. झालं. एवढ्या शिदोरीवर त्यांना घरी धाडलं.

फ्रेडी एका मोठ्या दुकानात फोटोग्राफर होतो, तिथे गिऱ्हाइकाशी मारामारी करतो. सलिनासच्या कोबीच्या शेतात मजुरी करतो, तिथे त्याने गाळलेली दारू पिऊन एक म्हातारा मरायला टेकतो आणि फ्रेडीला नांगरलेल्या रानातून जीव घेऊन पळावं लागतं. अशा अवस्थेत १९५० साली तो रात्री एका बोटीवर चढतो. बोटीवर दिवे, संगीत, लग्नाची गडबड. बोटीचा कर्ताधर्ता लँकेस्टर डॉड (फिलिप सेमूर हॉफमन). लेखक, डॉक्टर, अणुशास्त्रज्ञ, तत्त्ववेत्ता अशी सगळी बिरुदं तो स्वतःच स्वतःला लावतो. त्याच्या पंथाचं नाव 'द कॉज'. शिष्य त्याला 'मास्टर' म्हणतात.

आता प्रोसेसिंगचा, म्हणजे 'कॉज'मधल्या प्रश्नोत्तरांच्या उपचाराचा प्रसंग. बोटीच्या पोटातली छोटी खोली, मध्ये टेबल, ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू. डॉड नाव विचारतो. फ्रेडी सांगतो. पुन्हा नाव. पुन्हा सांगतो. मग प्रश्नांची सरबत्ती: बोलताना विचार करत नाहीस का, जुनी अपयशं छळतात का, वागण्याचा भरवसा नाही असं आहे का. काही प्रश्न तो दोनदा-तीनदा विचारतो. फ्रेडी मध्येच पादतो आणि लहान मुलासारखा खिदळतो. डॉडही हसतो. प्रश्न संपले असं डॉड म्हणतो तेव्हा फ्रेडीच अजून विचार म्हणून मागे लागतो. त्यावर डॉडची अट: आता पापणी लवली की पुन्हा पहिल्यापासून.

इथून पुढे कॅमेरा फ्रेडीच्या चेहऱ्यावरून फारसा हलत नाही. डोळे तांबारतात, पाण्याने भरतात, कपाळाची शीर उभी राहते. आई कुठे? वेड्यांच्या इस्पितळात. बाप? दारू पिऊन मेला. घरातल्या कुणाशी शरीरसंबंध? हो, मावशीशी. जिच्यावर सगळ्यात जास्त प्रेम केलंस ती कोण? डॉरिस. मग तिच्यापाशी का नाहीस? याचं उत्तर त्याच्याकडे नाही, स्वतःला मूर्ख म्हणण्यापलीकडे. मग डॉड त्याला डोळे मिटायला सांगतो आणि पडद्यावर मॅसॅच्युसेट्समधलं लिन गाव येतं, तिथली ती सोळा वर्षांची पोरगी येते, तिचं गाणं येतं.

प्रसंग संपतो तेव्हा फ्रेडीच्या चेहऱ्यावर जी सैल, हलकी, जवळजवळ बाळसेदार कळा येते ती पाहा. नौदलाच्या मानसोपचारतज्ज्ञाने डाग दाखवले आणि कागदावर नोंद केली. या भामट्याने त्याला समोर बसवलं, नजर हटू दिली नाही, आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ऐकूनही तोंड फिरवलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: फ्रेडीला 'कॉज'चं तत्त्वज्ञान एका अक्षरानेही पटलेलं नाही, त्याला ते समजतही नाही. अब्जावधी वर्षं, मागचे जन्म, त्याला कशाशीच देणंघेणं नाही. तो थांबतो, कारण आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याला विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहिलं. आणि म्हणूनच मला डॉडचा राग येतो. इतकी मोलाची गोष्ट त्याने इतक्या खोट्या दुकानात विकायला ठेवली.

तुम्हाला काय वाटतं?

जहाजी

छान लिहिलंय. मी मर्चंट नेव्हीत होतो, त्यामुळे माझं लक्ष फ्रेडीच्या दारूवरच गेलं. सुरुवातीलाच तो टॉर्पेडोतलं इंधन काढून पितो ते दिग्दर्शकाच्या मनातलं काही नाही. त्या काळातल्या अमेरिकन टॉर्पेडोंच्या इंजिनाला अल्कोहोल लागायचं, तेही चांगलं कडक. खलाशी ते पितात हे कळल्यावर नौदलाने त्यात क्रोटन तेल मिसळायला सुरुवात केली. क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा! प्याला की पोट धरून बसायचं. मग पोरांनी त्यावरही तोड काढली, पावातून गाळायचं, नाहीतर चोरून भट्टी लावून पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं. 'टॉर्पेडो ज्यूस' म्हणून ते प्रसिद्ध होतं. अँडरसनच्या 'मॅग्नोलिया'त जेसन रोबार्ड्स हे जुने नट होते, ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते आणि ही हकिकत अँडरसनला त्यांच्याकडून मिळाली, असं वाचलं आहे.

फ्रेडी बोटीवर, फोटोच्या डार्करूममध्ये, शेतावर जे हाताला लागेल त्यातून दारू करतो, अगदी पेंट थिनरमधून. आणि डॉडला नेमकी तीच आवडते! पहिल्या भेटीत डॉडला त्याच्याकडून हवी असते ती हीच बाटली. म्हणजे देवाणघेवाण पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी आहे. एकाने प्रश्न दिले, दुसऱ्याने विष दिलं. अनवट, तुम्ही फक्त पहिला भाग लिहिला आहे.

मोगरा

मला हा सिनेमा पहिल्या तासानंतर जड गेला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, फिनिक्स असं गावोगाव फिरतात, गोष्ट पुढे सरकत नाही. पण तो माझा मुख्य आक्षेप नाही.

तुम्ही सगळे फ्रेडीकडे 'युद्धाने मोडलेला माणूस' म्हणून बघताय. सिनेमा तसं म्हणतो का? वर अनवट यांनीच लिहिलंय, आई इस्पितळात, बाप दारुडा, मावशीचं प्रकरण. हे सगळं युद्धाच्या आधीचं. डॉरिसला सोडून गेला तेही युद्धातल्या कुठल्या जखमेमुळे नाही. एकही लढाई सिनेमात दाखवलेली नाही. हा माणूस आधीपासूनच तसा असेल तर त्याला 'माजी सैनिक' म्हणून सहानुभूती देणं ही आपली सोय झाली. आणि तो बायकांशी, अशक्त लोकांशी कसा वागतो ते विसरू नका. न्यूयॉर्कच्या घरी डॉडला सभ्यपणे चार प्रश्न विचारणाऱ्या त्या जॉन मोरच्या घरी रात्री जाऊन हा त्याला मारतो. ते बघताना मला फ्रेडीची दया आली नाही.

अनवट

मोगरा, आक्षेप रास्त आहे आणि महत्त्वाचाही. लढाई दाखवलेली नाही हे खरं. पण मला वाटतं तुम्ही म्हणता तीच त्या वेळच्या लष्करी डॉक्टरांसमोरची अडचण होती. कुणाच्या मनात आधीपासून काय होतं आणि युद्धाने काय केलं, हे वेगळं कसं काढायचं?

जॉन ह्यूस्टनने १९४६ साली अमेरिकन लष्करासाठी 'लेट देअर बी लाइट' नावाचा माहितीपट केला होता. लाँग आयलंडवरच्या मेसन जनरल हॉस्पिटलात मनाने मोडलेले सैनिक आणले जात, त्यांच्यावरचे उपचार त्यात चित्रित केले आहेत. पडद्यावर सुरुवातीलाच येतं की अमेरिकन सैन्याच्या युद्धातल्या एकूण हानीपैकी सुमारे २० टक्के मानसिक स्वरूपाची होती. लष्कराने सिनेमा करून घेतला आणि मग दाबून टाकला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातला नियोजित खेळ लष्करी पोलिसांनी प्रत जप्त करून बंद पाडला. तो लोकांना दाखवायला परवानगी मिळाली १९८० च्या अखेरीस. पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक विकार) हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आलं तेही १९८० सालीच, आणि तेही व्हिएतनामहून परतलेल्यांनी लावून धरल्यावर. म्हणजे फ्रेडीच्या पिढीची पस्तीस वर्षं अशीच गेली.

या माहितीपटात एक कृष्णवर्णीय सैनिक आहे. प्रेयसीचा फोटो आला आणि मला रडू कोसळलं, हे डॉक्टरांना सांगता सांगता तो तिथेच पुन्हा कोसळतो. 'द मास्टर'मध्ये फ्रेडी डॉक्टरांना पत्र आल्यावर रडल्याचं सांगतो तो प्रसंग थेट यातून आला आहे. फरक इतकाच की फ्रेडी रडत नाही, तिरकं तोंड करून ते उडवून लावतो. मला तरी तिथेच कळतं की याच्या आत काय चाललंय.

जॉन मोरला मारण्याबद्दल मी फ्रेडीची बाजू घेत नाही. पण त्या प्रसंगाआधी डॉड स्वतः मोरवर इतका भडकतो की अर्वाच्य शिवी देतो. फ्रेडीने मालकाचा राग हातात घेतला. जखमी माणसाला असा पाळीव मारेकरी करून टाकणं, यात डॉडचा वाटा किती धराल?

पश्चिमरंग

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण 'सायंटॉलॉजीवरचा सिनेमा' हा शिक्का पूर्ण खोटा नाही. एल. रॉन हबर्ड हे विज्ञानकथा लिहिणारे गृहस्थ. महायुद्धात अमेरिकन नौदलात अधिकारी होते. १९४३ साली पीसी-८१५ ही छोटी युद्धनौका त्यांच्या ताब्यात होती, ऑरेगनच्या किनाऱ्याजवळ त्यांनी पाणबुडी समजून बराच काळ डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले (तिथे पाणबुडी नव्हतीच असं वरिष्ठांचं मत पडलं), नंतर मेक्सिकोच्या बेटांच्या दिशेने तोफांचा सराव केला आणि नौकेची कमान गेली. १९४७ मध्ये त्यांनी माजी सैनिकांच्या खात्याला पत्र लिहून मानसोपचार मिळावेत अशी विनंती केली होती. मे १९५० मध्ये 'डायनेटिक्स' पुस्तक आलं आणि तुफान खपलं. भूतकाळातल्या क्लेशदायक आठवणी प्रश्नोत्तरांतून पुन्हा जगायच्या आणि पुसून टाकायच्या, ही त्याची पद्धत. पुढे संस्था पैशाच्या आणि कायद्याच्या कचाट्यात सापडली, हबर्ड ॲरिझोनातल्या फिनिक्सला गेले, १९५३-५४ मध्ये तिचं 'चर्च' झालं आणि १९५९ ला इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडजवळचा मोठा वाडा घेतला.

सिनेमातलं १९५० साल, नौका, फिनिक्समधलं डॉडचं दुसरं पुस्तक, इंग्लंडमधला मुक्काम: सगळे खिळे जुळतात. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते १९४७ चं पत्र. मदत मागणारा माजी नौसैनिक स्वतः हबर्डच होता. अँडरसनने त्या एका माणसाचे दोन केले असं मला वाटतं. मदत मागणारा फ्रेडी आणि मदत विकणारा डॉड. तुरुंगातल्या प्रसंगात दोघं शेजारशेजारच्या कोठड्यांत आहेत, एकाच चौकटीत, कॅमेरा स्थिर. डावीकडे फ्रेडी, हात मागे बांधलेले, पाठ खाटेवर आपटतोय, लाथेने कमोड फोडतोय. उजवीकडे डॉड शांत उभा. आणि मग दोघंही एकमेकांना शिव्या देतात. तुझ्यावर माझ्याशिवाय कुणाचा जीव नाही, हे डॉड तिथेच ओरडून सांगतो.

दिवेलागण

मी समुपदेशक आहे. प्रोसेसिंगच्या प्रसंगाने मलाही हलवून सोडलं, पण व्यवसायामुळे काही गोष्टी खटकत राहिल्या, त्या लिहिते.

तुम्ही म्हणता तसं, विचारणं आणि बसून राहणं, यात खरोखर औषध असतं. त्याबद्दल दुमत नाही. पण टेबलावर चालू असलेलं ते यंत्र विसरू नका. फ्रेडीची मावशी, आई, डॉरिस, सगळं फितीवर गेलं आणि ती फीत फ्रेडीची नाही. आमच्याकडे पहिल्या भेटीत सांगावं लागतं की इथे बोललेलं कुठे जातं आणि कुठे जात नाही. दुसरं, पापणी न लवू देणं. दमवलेला माणूस जास्त बोलतो, आणि बोलून झाल्यावर त्याला जे हलकं वाटतं ते समोरच्याचं देणं आहे असं समजतो. तिसरं म्हणजे पुढची पायरी. जखम उघडल्यावर तिचं करायचं काय, हे डॉडला ठाऊकच नाही. फिलाडेल्फियातला तो व्यायाम आठवा: भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत, डोळे मिटून, हात लावायचा आणि काय वाटतं ते सांगायचं. पुन्हा. दिवसभर. सगळी मंडळी खुर्च्या टाकून बघत बसलेली. फ्रेडी काचेवर गाल टेकवतो, भिंतीवर डोकं आपटतो, आणि यातून काय साधायचंय ते कुणीच सांगत नाही.

फिनिक्सच्या प्रसंगात हेलन (लॉरा डर्न) अतिशय आदराने विचारते की नव्या पुस्तकात 'आठवा'च्या जागी 'कल्पना करा' असं का केलंत. ज्याचा सगळा डोलारा आठवणींवर उभा आहे त्याने हळूच पाया बदलला, आणि ते एका निष्ठावंत शिष्येच्या लक्षात आलं. डॉड तिच्यावर खेकसतो. ज्या उपचारकाला शंका सहन होत नाही त्याच्याकडून उठून यावं, एवढं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

कांचनमृग

पेगीबद्दल कुणीच लिहिलं नाही? खरी 'मास्टर' डॉडची बायको पेगी (एमी अ‍ॅडम्स) आहे. गरोदर, मऊ आवाजाची, कडेला बसलेली. पण हल्ला करत राहिलं पाहिजे, बचाव करत बसायचं नाही, हे धोरण तिचं. न्हाणीघरात नवऱ्याला ती ज्या पद्धतीने आणि ज्या क्षणी दारू सोडायला सांगते त्यावरून घरात शब्द कुणाचा चालतो ते कळतं. फ्रेडीला ती समोर बसवते आणि माझ्या डोळ्यांचा रंग बदल म्हणते, आणि पडद्यावर तिचे डोळे खरंच पूर्ण काळे होतात! अंगावर काटा येतो. डॉड फ्रेडीवर प्रेम करतो, त्याला हा माणूस हवाय. पेगीला संस्था हवी आहे. जेवणाच्या टेबलावर ती फ्रेडीला हाकला म्हणते तेव्हा डॉडचं उत्तर असं की आपण याला मदत करू शकलो नाही तर हरलो ते आपण. त्या वाक्यात मला डॉड अगदी प्रामाणिक वाटला.

जाता जाता: हॉफमन फेब्रुवारी २०१४ मध्ये गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. आता त्याचं ते जाडजूड, लालबुंद, आनंदी रूप बघवत नाही.

शेवाळ

या चर्चेत पुण्याचा विषय निघणार असं वाटलं होतं, अजून निघाला नाही म्हणून मीच काढतो. कोरेगाव पार्कातला रजनीशांचा आश्रम १९७४ चा. तिथे पाश्चात्त्य शिष्यांसाठी एन्काउंटर ग्रुप चालत, माणसांना आतून उघडं करण्याचा तोच प्रकार, आणि पुढे १९८१ ला सगळं बिऱ्हाड ऑरेगनला गेलं. युद्धोत्तर अमेरिकेतून निघालेली ही लाट आपल्या दारापर्यंत आली होती. आणि याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. मला हा सिनेमा भोंदूगिरीबद्दल फार मवाळ वाटतो. डॉडला इतका लोभस करायची काय गरज होती?

दिवेलागण

शेवाळ, तुमचा राग समजतो, पण लोभस नसता तर लोक गेले असते का? बुवाकडे जाणाऱ्याला मूर्ख म्हणून काही साधत नाही, तो गरजेपोटी जातो, हे अंनिसच्या कार्यकर्त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं. त्यांनी गावपातळीवर 'मानसमित्र' तयार करायचं काम हाती घेतलं ते यासाठीच: ऐकून घेणारं माणूस जवळपास हवं, खोटं न विकणारं. डॉडच्या आकर्षणाला तोच खरा उतारा आहे. रजनीशांवर वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन. इथे सिनेमावरच राहू.

कृष्णाकाठ

मोगराताईंचा मुद्दा (लढाई न दाखवता माजी सैनिक कसं म्हणायचं) डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. त्यांच्याकडून आम्हाला एकही लढाई ऐकायला मिळाली नाही. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगेंना तर मरणोत्तर, हे मी शाळेत असताना पुस्तकात वाचलं आणि धावत जाऊन त्यांना विचारलं. ते 'हं' म्हणाले आणि वैरण टाकायला गेले. इटलीतल्या हिवाळ्यात चिखल भयंकर होता म्हणतात. भाताच्या खाचरात चिखलणी करताना पाय खोल रुतला की आजोबा जागच्या जागी थांबायचे. बैल थांबायचे. कुणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. मग थोड्या वेळाने आपले आपण पुन्हा चालायला लागायचे. आजी आम्हाला सांगायची, त्या वेळी बोलू नका. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्याबद्दल त्यांना विचारायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांना पेन्शन होती, कँटीनची रम होती, गावात मान होता.

फ्रेडीचं कमरेवर उलटे हात ठेवून, खांदे पुढे टाकून, पोक काढून उभं राहणं बघितलं आणि मला लढाई दाखवायची गरज वाटली नाही. शरीरच सांगतं. अर्थात फ्रेडी आणि आजोबा यांच्यात साम्य काहीच नाही, ते कुणावर हात उगारणारे नव्हते. पण सिनेमात लढाई नाही म्हणून युद्ध नाही असं मला म्हणवत नाही.

मोगरा

कृष्णाकाठ, हे वाचून गप्प बसले. फ्रेडीबद्दलचं माझं मत बदललं नाही, पण लढाई न दाखवण्याबद्दल तुमचं म्हणणं पटलं.

जहाजी

तांत्रिक बाजूबद्दल दोन ओळी. सिनेमाचा बराचसा भाग ६५ मिमी फिल्मवर चित्रित केला आहे, छायाचित्रण मिहाय मलाइमारे यांचं. इतकी मोठी फिल्म माणसं एरवी वाळवंट आणि पर्वत दाखवायला वापरतात, अँडरसनने ती चेहऱ्यांवर खर्च केली. ओठाच्या कोपऱ्यातला तिढा, डोळ्यांतल्या शिरा, सगळं दिसतं. डॉडची बोट म्हणून वापरलेलं जहाज 'पोटोमॅक' आहे, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचं जुनं जहाज, अजूनही ओकलंडच्या धक्क्यावर असतं. संगीत रेडिओहेडच्या जॉनी ग्रीनवुडचं. व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य सिंह आणि अभिनयाचा पुरस्कार फिनिक्स व हॉफमन यांना विभागून. ऑस्करला फिनिक्स, हॉफमन आणि एमी अ‍ॅडम्स तिघांनाही नामांकनं, हाती काही नाही. फिनिक्सचं त्या वर्षी हुकलं याची मला अजून हळहळ वाटते.

पश्चिमरंग

शेवटाबद्दल बोलूया का? वाळवंटात डॉड खेळ काढतो: दूरवरचा एक बिंदू निवडायचा आणि मोटरसायकल सरळ त्या दिशेने हाणायची. डॉड जातो आणि परत येतो. फ्रेडी जातो आणि येतच नाही! थेट लिनला डॉरिसच्या दारात. तिचं लग्न होऊन ती केव्हाच दूर गेलेली. तिच्या आईशी तो ज्या समजुतीने बोलतो तो फ्रेडी आपण आधी पाहिलेला नाही.

मग थिएटरात झोपलेला असताना त्याला फोन येतो, तू इंग्लंडला ये. (हे स्वप्नच आहे, नाहीतर थिएटरातल्या खुर्चीवर फोन कोण आणून देईल?) तो जातो. टेबलाच्या एका बाजूला डॉड, बाजूला पेगी. पेगी त्याला निकाल सुनावून निघून जाते. डॉड त्याला सांगतो की आपण मागच्या जन्मी पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा फुग्यांतून टपाल पाठवायचं काम बरोबर करत होतो. हा वेढा खरा, १८७०-७१ चा, आणि फुग्यांचं टपालही खरं. इतक्या खऱ्या तपशिलावर इतकं सुंदर खोटं! आणि मग तो त्याला एक जुनं प्रेमगीत म्हणून दाखवतो, चीनला जाणाऱ्या संथ बोटीचं. फ्रेडीच्या डोळ्यांतून पाणी. मला हा प्रसंग दोन माणसांच्या ताटातुटीचा वाटतो. गुरु-शिष्य वगैरे त्यात काही उरलेलं नाही. मालकावाचून जगायची वाट तुला सापडली तर आम्हालाही कळव, असं डॉड म्हणतो तेव्हा मला त्यात हेवा ऐकू आला.

कांचनमृग

मला त्यात धमकी ऐकू आली. पुढच्या जन्मी भेटलास तर माझा कट्टर शत्रू असशील आणि मी दया दाखवणार नाही, हेही तो तिथेच म्हणतो. आत्ता राहिलास तर राहा, नाहीतर कायमचा जा. प्रेमगीत त्यानंतर येतं. माझ्या मते ते गाणं म्हणजे दोर आवळायचा शेवटचा प्रयत्न.

अनवट

दोन्ही खरं असू शकतं, आणि हॉफमनने दोन्ही खरं ठेवलंय.

माझा प्रश्न त्यानंतरच्या प्रसंगाबद्दल आहे. फ्रेडी पबमध्ये भेटलेल्या बाईबरोबर बिछान्यात आहे, आणि तो तिला प्रोसेसिंगचे प्रश्न विचारायला लागतो. तुझं नाव सांग. पुन्हा सांग. पापणी लवू देऊ नकोस. ती हसते, तोही हसतो. यंत्र नाही, प्रेक्षक नाहीत, मागचे जन्म नाहीत, पैसे नाहीत. डॉडकडून त्याने नेमकी तेवढीच गोष्ट उचलली जी कामाची होती: समोरच्या माणसाला विचारायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. शाईच्या डागांत एकच गोष्ट पाहणारा फ्रेडी एका खऱ्या बाईचं नाव पुन्हा पुन्हा विचारतोय. मला तो थोडा बरा झालेला वाटतो.

मोगरा

मला नाही वाटत. त्याच्यानंतर लगेच वाळूची बाई येते की. तो परत तिच्या कुशीत, १९४५ च्या किनाऱ्यावर. आणि त्या पबमधल्या बाईला ठाऊक नाही की ती कुठल्या खेळात शिरली आहे. दिवेलागण यांनी लिहिलंय तेच, परवानगी कुठे घेतली? डॉडची पद्धत आता आणखी एका माणसाच्या हातात आली, एवढंच मला दिसतं.

दिवेलागण

मोगरा, अर्धी सहमत. ती हसते हे मला महत्त्वाचं वाटतं. फिलाडेल्फियाच्या त्या दिवाणखान्यात कुणीही हसत नव्हतं. हसता येतं, उठून जाता येतं, तिथे धोका कमी असतो. पण तो बरा झाला असं म्हणायला मी धजावणार नाही.

कृष्णाकाठ

ह्यूस्टनचा तो माहितीपट कुठे बघायला मिळेल?

अनवट

लष्कराने काढलेला असल्याने त्यावर कुणाचा हक्क नाही, जालावर मोकळा आहे. २०१२ मध्ये त्याचं जतन करून आवाज स्वच्छ केलेली प्रत आली, तीच शोधा, जुन्या प्रतींत निम्मे संवाद कळत नाहीत. तासाभराचाच आहे. 'द मास्टर'च्या डिस्कवरही तो जोडून दिला होता. जमल्यास आधी तो बघा आणि मग 'द मास्टर' पुन्हा. त्या कृष्णवर्णीय सैनिकाचा प्रसंग आला की इथे येऊन लिहा, मला तुमचं मत ऐकायचंय.

कृष्णाकाठ

बघतो. वडिलांनाही बरोबर बसवतो. आजोबांबद्दल ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत, विचारून बघतो.